दंड घातलेला शालू

“हा शालू आमचा नाही,” नलिनीताई म्हणाल्या.

मी रेशमावरचा हात काढून घेतला. कापायच्या टेबलावर डाळिंबी शालू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला होता आणि उरलेला भाग जमिनीला लागू नये म्हणून स्टुलावर चादरीत ठेवला होता. बरोबर मधोमध, नलिनीताईंच्या बोटाखाली, एक उभी शिवण होती.

“हा दंड कुणी घातला?”

“तेच विचारायला मी तुम्हाला बोलावलं.”

“तुम्ही? मला विचारताय?”

त्यांच्या शेजारी केतकी उभी होती. नवरी तीच. ती एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तो बुधवार होता, तेवीस नोव्हेंबर दोन हजार अकरा. लग्न चार डिसेंबरला होतं. माझ्या हातात अकरा दिवस होते आणि कात्री अजून लागायची होती.

दंड म्हणजे काय, हे आताच्या मुलींना सांगावं लागतं. लुगडं मधे विरलं की विरलेला भाग काढून दोन्ही टोकं जोडायची, नाहीतर दोन जुन्या लुगड्यांचे धड अर्धे एकमेकांना जोडून एक करायचं. त्या जोडाला दंड म्हणतात. रोज नेसायच्या लुगड्याला तो असायचाच. लग्नाच्या शालूला असायचं काही कारण नाही.

त्यात हा शालू थोरवड्यांचा. त्या घरातली प्रत्येक नवरी, सून असो की लेक, अक्षता पडताना हाच नेसून उभी राहायची. आधी केतकीची आजी, जिला सगळे माई म्हणत. मग माईंची मुलगी. मग एक्क्याऐंशी साली नलिनीताई. दोन तास अंगावर, की माई स्वतः घडी घालून पेटीत ठेवायच्या. माई जाऊन सहा वर्षं झाली होती.

केतकी पुण्यात नोकरीला होती. सोमवारी शालू घेऊन आली तेव्हा म्हणाली होती, “काकू, नऊवारी शिवून द्या. पाय घातले, नाडी बांधली, झालं. आजी सगळ्यांना नेसवायची, आता नेसवणारं कुणी नाही. आणि मला मांडवात नाचायचंय.”

त्या दोन-तीन वर्षांत शिवलेल्या नऊवारीची टूम निघाली होती. निऱ्या आणि काष्टा आधीच शिवलेला, कुणालाही दहा मिनिटांत चढवता येईल अशी. कराडात तेव्हा ती शिवणाऱ्या आम्ही तिघीच. पण खऱ्याखुऱ्या नऊ वारांना कात्री लावून त्याची नऊवारी शिवायची, हे मीही पहिल्यांदाच करणार होते.

चूक माझीही होती, ती आधी सांगते. आलेलं कापड गिऱ्हाइकासमोर पूर्ण उलगडायचं, मोजायचं, डाग-भोकं दाखवायची आणि वहीत लिहायचं, हा माझा सोळा वर्षांचा नेम. सोमवारी तो मोडला. बाहेर रिक्षा थांबली होती आणि नलिनीताई म्हणाल्या होत्या, “जुनं रेशीम आहे, सारखं उलगडू नका.” मी पदरापासून मधल्या घडीपर्यंत मोजलं, एकशे बासष्ट इंच भरले. दुप्पट केलं, तीनशे चोवीस. म्हणजे नेमके नऊ वार. हिशेब इतका चोख जुळला की मी वही मिटली. शिवण त्या घडीच्या आत, मुडपलेल्या जागी होती.

बुधवारी उलगडलं तर पलीकडचा अर्धा दोन इंचांनी कमी. आणि तो अर्धा दुसऱ्याच शालूचा होता. रंग तोच, पण किंचित गडद. पदराच्या बाजूला बुट्ट्यांमधल्या कोयऱ्यांची टोकं उजवीकडे झुकलेली, शिवणीच्या पलीकडे डावीकडे.

“ताई, हा दोरा बघा,” मी म्हटलं. “सुती आहे, विटून पिवळा पडलाय. आणि ही घडीची रेघ शिवणीवरून सरळ गेलीय. म्हणजे आधी शिवण पडली, मग वर्षानुवर्षं त्याच्यावर घडी पडली. परवाची शिवण असती तर—”

“तुम्ही शिंपी. दोऱ्याचं तुम्ही सांगाल तेच खरं म्हणायचं ना आम्ही?”

“आई,” केतकी म्हणाली.

“थांब गं. मी हा नेसलेय. अंगावर घातलाय. मला नको कळायला?”

“मग तेव्हा दंड दिसला नव्हता?”

“नव्हताच, तर दिसणार कसा!”

“नेसवलं कुणी होतं?”

“माईंनी. सगळ्यांना त्याच नेसवायच्या. त्याचं काय?”

नऊवारीत मधला भाग मागे काष्ट्यात जातो. नेसवणाऱ्या हाताला ठाऊक असेल तर तिथली शिवण नेसणारीला जन्मात दिसणार नाही. मी ते सांगितलं. त्यावर नलिनीताई जे बोलल्या ते शांतपणे बोलल्या, म्हणून जास्त लागलं.

“खऱ्या जरीचा शालू होता. पेठेत जुनी जरी घेणारे फिरतात, जाळून चांदी काढतात. अर्ध्या शालूची चांदी कमी नसते, पोरेबाई. रविवारपर्यंत आमचा अर्धा आम्हाला परत द्या. नाहीतर हे येतील आणि काय ते बोलतील.”

केतकी दारातून मागे वळली. “काकू, मला काहीच कळत नाहीये,” म्हणाली.

मलाही कळत नव्हतं. मी बदललेला नाही, एवढंच मला ठाऊक होतं. पण मग कुणी, कधी आणि कशासाठी? फाटलेला म्हणावा तर दोन्ही अर्धे धड. आणि शिवण इतकी बारीक की मी भिंग लावून टाके मोजले. एका इंचात चौदा. असं कुणी नाइलाजानं शिवत नाही.

गुरुवारी सकाळी गुजर वहिनी आल्या. त्यांच्या सुनेची पैठणी माझ्या कपाटात होती. “घरी जरा बघायची होती,” म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. संध्याकाळी दुसरं एक घर आलं. त्यांनी कारणही सांगितलं नाही. लग्नसराईचं काम विश्वासावर चालतं. माझ्या कपाटात चार नवऱ्यांची रेशमं होती, गुरुवार मावळेपर्यंत थोरवड्यांचा धरून दोन उरली. हे आणखी दोन महिने चाललं असतं तर मला दुकानाला कुलूप लावून कुणाच्या तरी हाताखाली पिको-फॉल करावं लागलं असतं.

शुक्रवारी मी शालू पिशवीत घालून विद्यानगरला त्यांच्या बंगल्यावर गेले. केतकीचे वडील, भास्करराव, दिवाणखान्यात पत्रिकांवर नावं घालत बसले होते. डोक्यावर त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा, फेट्यातला फोटो.

“बसा,” ते म्हणाले. “मी रविवारी येणारच होतो.”

“घरात जुनं कुणी असेल तर एकदा शालू दाखवावा म्हटलं.”

“जुनी आमची आक्का. माझी आत्या. अण्णांची धाकटी बहीण.” त्यांनी आवाज उतरवला. “अठरा-एकोणीस वर्षांची असताना सासरहून परत आली, ती कायमची. तब्येतीचं काहीतरी होतं म्हणतात. आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तिला जेवलो की नाही आठवत नाही, शालू काय आठवणार?”

“तरी विचारते.”

“विचारा. पण एक लक्षात ठेवा. अण्णांनी पंचवीस वर्षं गावातले नवरा-बायकोचे तंटे सोडवले. काडीमोडाला निघालेली किती घरं त्यांनी सावरली, त्याची गणती नाही. त्यांच्या घरातली वस्तू आहे ही. माझ्या लेखी ती पवित्र आहे.”

आक्का मागच्या पडवीत पावटे सोलत बसल्या होत्या. हाडकुळ्या, पांढरं स्वच्छ पातळ, कपाळ मोकळं. नलिनीताईंनी शालू घडीसकट त्यांच्या मांडीवर ठेवला.

“आक्का, हा आपलाच का बघा बरं.”

आक्कांनी हात पदराला पुसले. मग त्यांचा अंगठा घडीच्या आत शिरला आणि थेट शिवणीवर जाऊन थांबला. शोधत फिरला नाही, चाचपडला नाही. माजघरातल्या दिव्याचं बटण अंधारात जसं सापडतं तसा.

“मला काय दिसतंय?” त्या म्हणाल्या. “डोळं गेलं माजं.”

“सांगितलं होतं ना मी,” नलिनीताई माझ्याकडे बघून म्हणाल्या. तेवढ्यात आत फोन वाजला आणि त्या गेल्या.

आक्का पुढं वाकल्या. “उसवलास का?”

“काय?”

“दंड. उसवला न्हाईस ना?”

“नाही.”

“उसवू नगंस.” आणि परत पावटे सोलायला लागल्या. नलिनीताई आल्या तेव्हा त्या म्हणत होत्या, “पावटं किडकं हायती. कुणी आणलं?”

रविवारपर्यंत शालू माझ्याकडेच राहणार होता; तो घेऊन मी परत आले ती आणखी गोंधळून. बाईला सगळं ठाऊक होतं. मग खोटं का बोलल्या? माझी त्यांची ओळख नाही, वैर नाही. मी बुडाले तर त्यांचं काय साधत होतं?

शनिवारी दुपारी दुकानापुढं रिक्षा थांबली. आक्का एकट्याच उतरल्या. रिक्षावाल्याला म्हणाल्या, “हितंच ऱ्हा. पळून गेलास तर तुज्या आयला सांगीन, मला ठावं हाय ती.” चपला काढून पायरी चढल्या आणि स्टुलावर बसल्या.

“देवळात जाते म्हणून आलीया. साटंलोटं ठावं हाय तुला?”

“ऐकून आहे. ह्या घरची लेक त्या घरात, त्या घरची लेक ह्या घरात.”

“दादाला राधी केली, राधीच्या भावाला मी. राधी म्हंजी माई. येकाच मांडवात दोन लग्नं. बस्ता येकाच दुकानात बांधला. दोन्ही नवऱ्यांना येकाच रंगाचे शालू, भांडण नगं म्हणून. तिला आमच्या घरानं घेतला, मला तिच्या घरानं.”

“मग?”

“दोन वर्सांनी मी परत आले.”

“का?”

“त्ये इचारायचं न्हाई.”

त्यांनी टेबलावरचा शालू बघितला, हात लावला नाही.

“साट्यालोट्यात येक परत आली की दुसरीला परत जावं लागतं. त्यांची माणसं गाडी जुंपून दारात आली. आमची सून ठेवून घेतलीसा, तर आमची लेक द्या. ज्यानं जे घातलं ते त्येला परत. शालू, डोरलं, जोडवी. मग काडीमोड. पंच सोप्यात बसून यादी वाचत हुते. राधीची पेटी दादानं उचलून गाडीत ठेवली.”

“अण्णांनी?”

“व्हय. रडत हुता. पर ठेवली.”

“माईंना जायचं नव्हतं?”

“तिला कोण इचारतंय? तिला दादा आवडायचा.” आक्का जराशा हसल्या. “काय आवडायचं कुणाला ठावं. नाक ह्ये एवढं. आम्ही दोघी आतल्या खोलीत शालू काढायला गेलो. मी आतनं कडी घातली आन कात्री लावली.”

“दोन्हींना?”

“दोन्हींना. मधोमध. राधी म्हणाली, आक्के, याड लागलं का तुला? मी म्हटलं, शीव. तिचा अर्धा माज्या अर्ध्याला, माजा तिच्या. माजा टाका मोठा पडतो, म्हणून दोन्ही दंड तिनंच घातलं. भाईर माणसं दार ठोकत हुती. तरी तिचा टाका बारीकच. मी म्हटलं, अगं ए, आता कशाला येवढं बारीक? तर म्हणती, शिवायचं तर नीट शिवावं.”

“आणि मग?”

“दार उघडलं आन दोन्ही शालू पंचांपुढं टाकलं. म्हटलं, घ्या. ज्याचा त्यानं.” त्यांनी हात उपडे केले. “कापलेला शालू कोण घरात घेतंय? मरण घरात नेल्यागत. त्यांच्यातला म्हातारा उठून दोन पावलं मागं सरला. शालू परत न्हाई, मग यादी पुरी न्हाई. यादी पुरी न्हाई, मग काडीमोड न्हाई. पुढच्या पंचमीला बसू म्हणाले. ती पंचमी अजून यायची हाय.”

“आणि दुसरा शालू?”

“त्यो म्या नेसून फाडला. रोज नेसायची. रानात तण काढायला, भांगलायला जायची शालू नेसून. बाया हसायच्या. हसूद्यात.”

मला हसावं की काय करावं समजेना. मग मी ते विचारलं, जे विचारणं भाग होतं. “आक्का, हे उद्या घरात सांगाल? भास्करराव येणार आहेत. नाहीतर मी चोर ठरते.”

त्यांनी बाहेर थांबलेल्या रिक्षाकडे बघितलं.

“भास्कर सकाळी उठला की पैल्यांदा बापाच्या फोटोला हात जोडतो. अण्णांनी सगळ्यांचं संसार सावरलं म्हणतो. त्येला सांगू, तुज्या आयची पेटी तुज्या बापानं गाडीत ठेवली हुती? राधीला म्या शब्द दिलाय, पोरांना कळू देणार न्हाई म्हणून. ती मेली, म्हणून शब्दबी मेला का?”

“मग मी काय करू?”

“तुजं नाव जाईल, कळतंय मला.” त्या उठल्या. “तूबी सांगू नगंस. हात जोडते.”

त्यांनी खरंच हात जोडले. माझ्याहून तीस वर्षांनी मोठी बाई. मी काही कबूल केलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. रिक्षा गेली. त्या दिवशी मी एकही टाका घातला नाही. सांगितलं तर मी सुटत होते, आणि सांगायला साक्ष माझ्या टेबलावरच होती. पण ऐकलेलं ऐकवायचं तर दोन बायकांनी साठ वर्षं झाकलेलं मी माझ्या दुकानासाठी उघडं करायचं होतं. दुसरीकडे, माझी दोन मुलं त्या दुकानावर शिकत होती. कुठलं बरोबर, ते मला ठरवता आलं नाही. आजही नेमकं सांगता येणार नाही.

रविवारी अकरा वाजता थोरवडे आले. भास्करराव, नलिनीताई, केतकी. आणि मागून, केतकीचा हात धरून, आक्का. “येते म्हणाल्या, म्हणून आणलं,” नलिनीताई कुरकुरल्या.

भास्करराव बसले नाहीत. “बोला, पोरेबाई. अर्धा शालू कुठं आहे?”

“तुमच्या पेटीतून जो आला तो हाच आहे.”

“म्हणजे माझी बायको खोटं बोलते?”

“नाही. त्यांनी शिवण कधी बघितलीच नव्हती.”

“मग ही शिवण आली कुठून? तुम्हाला माहीत आहे की नाही?”

मी आक्कांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सांगितल्यासारखंच झालं असतं.

“शिवण जुनी आहे,” मी म्हटलं. “याच्यापुढं मला काही सांगता येत नाही.”

“येत नाही, की सांगायचं नाही?”

“येत नाही.”

“ठीक आहे. मग पोलीस चौकीवर सांगा.” त्यांनी खिशातून फोन काढला. “नलू, शालू गोळा कर.”

नलिनीताईंनी पदराकडून घडी घालायला घेतली. केतकी म्हणाली, “बाबा, प्लीज, नको ना.” मी चादरीचं टोक सोडलं.

“ठेव त्यो फोन,” आक्का म्हणाल्या.

“आक्का, तू बस.”

“बसलेच हाय. काल हिला म्या सगळं सांगितलंय, भास्कर. हिला ठावं हाय. तू चौकीवर न्यायला निघालास तरी ही बोलली न्हाई. परकी बाई. मग आता मलाच बोलाय पायजे.”

आणि त्या बोलल्या. काल मला सांगितलं होतं तेच, त्याच क्रमानं. बस्ता, गाडी, यादी, कडी. पेटीपाशी आल्या तेव्हा थांबल्या, मला वाटलं गाळतील. गाळलं नाही.

“अण्णांनी?” भास्करराव म्हणाले. हाच प्रश्न मीही विचारला होता.

“त्यानंच. आपल्या हातानं.”

भास्करराव दाराबाहेर पायरीवर गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. फोन त्यांच्या हातातच होता.

नलिनीताईंच्या हातात अर्धी घातलेली घडी तशीच होती. “आक्का,” त्या म्हणाल्या, “पण पदर तरी माईंचा आहे ना? डोक्यावरून घेतला होता मी. बोहल्यावर.”

“पदर माजा हाय.”

नलिनीताईंनी हातातल्या घडीकडे बघितलं.

“दंड घालताना राधी म्हणाली, तुजा पदर माज्याकडं ऱ्हाऊदे. म्हटलं, बरं. मला काय, भांगलायला कुठला बी चालतोय.”

हे त्यांनी मला काल सांगितलं नव्हतं. नलिनीताई खुर्चीवर बसल्या. मग हळू आवाजात, कुणाला उद्देशून ते मला कळलं नाही, म्हणाल्या, “माझ्या लग्नात आक्का मुदपाकखान्यात होत्या. अक्षतांना बाहेर आल्या नाहीत. येऊ नका, असं कुणीतरी... मीच का कोणी? आठवत नाही मला. परत आलेली बाई समोर नको, असं ठरलं होतं.”

“तू नव्हतीस,” आक्का म्हणाल्या. “तू कशाला? तू तवा नवी हुतीस. आन जेवण बरं झालतं. मीच केलतं.”

नलिनीताईंनी माझी माफी मागितली नाही. त्यांनी पिशवीतून स्वतःचा फोन काढला, गुजर वहिनींना लावला आणि माझ्यासमोर म्हणाल्या, “वहिनी, पैठणी पोरेबाईंकडेच द्या परत. माझी चूक झाली. हो, माझीच. शालू आमचाच आहे. सगळा.” फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. “दुसऱ्या घरालाही करते. नंबर द्या.”

मी नंबर दिला. पैठणी सोमवारी परत आली. दुसरं घर आलं नाही.

“काकू,” केतकी म्हणाली. ती इतका वेळ शिवणीजवळ वाकून उभी होती. “शिवलं तर ही शिवण कुठं येईल?”

“मागे, काष्ट्यात. दिसणार नाही.”

“पुढं नाही घेता येणार? निऱ्यांवर? मला दिसायला हवीय.”

“काय दाखवायचंय लोकांना?” आक्का म्हणाल्या. “जिथं हाय तिथं बरं हाय.”

“पण आता कापायचा कशाला?” नलिनीताई एकदम म्हणाल्या. “असं ऐकल्यावर कात्री कशी लावायची? पोरेबाई, राहू द्या. केतकीला दुसरं काही घेऊ. हा पेटीत ठेवू.”

“आणि मी काय नेसू?” केतकी म्हणाली. “आई, सगळ्यांनी नेसलाय. मीच नको?”

माझ्याकडे सात दिवस होते. मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही. खरं तर मलाही वाटत होतं की राहू द्यावा.

“कापा की,” आक्का म्हणाल्या. “कापला म्हणून तर ऱ्हायला. न्हाईतर तवाच घडी घालून गाडीत गेला असता.”

केतकीनं माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरची कात्री उचलली आणि मुठीची बाजू पुढं करून आक्कांसमोर धरली.

“मी? अगं, तुज्या लग्नाच्या कापडाला म्या कशाला?” आक्कांनी नलिनीताईंकडे बघितलं. साठ वर्षांची सवय होती ती.

नलिनीताई उठल्या. अर्धी घडी त्यांनी परत उलगडली, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेल्या आणि रेशीम दोन्ही हातांनी ताणून धरलं.

“कुठं?” आक्कांनी मला विचारलं.

मी खडूची खूण दाखवली. कमरेच्या भागाचा पहिला काप, काठापासून साडेसतरा इंचांवर. आक्कांनी कात्री घातली. काप खुणेपासून वाकडा गेला, शेवटी जवळजवळ पाऊण इंच. एरवी मी कुणालाही माझ्या टेबलावर असं करू दिलं नसतं. तो पाऊण इंच मी नंतर डावीकडच्या चुण्यांत जिरवला. चार तारखेला केतकी मांडवात नाचली तेव्हा तो कुणाला दिसला नाही, मला मात्र तिथंच दिसत होता.

कात्री खाली ठेवून आक्का म्हणाल्या, “धार बरी हाय.” आणि पायरीकडे निघाल्या.

मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. मला अजून एक विचारायचं होतं. शालू कापला तो माईंना ठेवून घ्यायला की स्वतःला? कारण माई परत गेल्या असत्या, तर चार दिवसांनी कुणीतरी समेट केला असता, आणि मग दोघींनाही आपापल्या जागी परत पाठवलं असतं. आक्कांनाही. हे मला रात्रभर उलटसुलट दिसत होतं. कुणासाठी केलं, यावर ती गोष्ट सगळी बदलत होती.

पायरीवर भास्करराव उभे होते. आक्का आल्याचं कळताच ते बाजूला झाले. मग खाली वाकले, आक्कांच्या चपला उचलल्या आणि सुलट करून त्यांच्या पायांपाशी ठेवल्या. वर मात्र बघितलं नाही.

“तुजा बाप वाईट नव्हता रं,” आक्का म्हणाल्या. “भ्याला हुता.”

“आणि तू?”

आक्कांनी त्यांच्या खांद्यावर हात टेकला, एक चप्पल घातली, मग दुसरी.

“मीबी भ्यालेच हुते,” त्या म्हणाल्या. “मला परत तिथं जायचं नव्हतं.”